गाथा म्हणजे मंत्र नव्हे : आपल्या वंदनेतील एका शब्दाचा उगम आणि अर्थ

कोणत्याही विहारात रविवारची सामूहिक वंदना असो, घरातला नामकरण विधी असो, गृहप्रवेश असो की पुण्यानुमोदन, कुणीतरी पुढे येऊन म्हणतेच, "आता सर्वांनी हात जोडून गाथा म्हणूया." लगेच सगळे एका सुरात म्हणू लागतात. आजीला पाठ असते, आईला पाठ असते, बालवाडीतल्या मुलालाही अर्धी पाठ असते. पण त्याच तरुण-तरुणींना विचारले की, "गाथा म्हणजे काय?" तर बहुतेक वेळा उत्तर येते, "आपले मंत्र." काही जण सांगतात, "त्यांची आरती असते, तशी आपली गाथा."

ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. शब्द चुकला तर त्यामागचा विचारही हळूहळू चुकतो. गाथेला मंत्र मानले की तिचा अर्थ कळण्याची गरज उरत नाही, उच्चार झाला म्हणजे काम झाले असे वाटते. मग ती म्हणण्यासाठी 'जाणकार' माणूस लागतो, त्याला दक्षिणा लागते, आणि जे मागे सोडून आपण आलो तेच दुसऱ्या दाराने घरात शिरते. म्हणून हा शब्द नीट समजून घेणे हे पाली शिकणाऱ्यांपुरते काम नाही, ते प्रत्येक धम्म कार्यकर्त्याचे काम आहे.

शब्दाचे मूळ

'गाथा' हा शब्द 'गै' या धातूपासून आला आहे. गै म्हणजे गाणे. गीत, गायन, गेय आणि आपल्या रोजच्या मराठीतले गाणे, गाणी हे सगळे त्याच कुळातले शब्द आहेत. तेव्हा गाथा याचा सरळ अर्थ 'जे गायले जाते ते', म्हणजेच गाता किंवा लयीत म्हणता येणारे पद्य.

पूजेशी जोडलेल्या इतर शब्दांशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. स्तोत्र हा शब्द 'स्तु' म्हणजे स्तुती करणे यापासून आला, म्हणून त्यात कुणाची तरी स्तुती हवीच. भजन 'भज्' या धातूवरून आले, त्यात सेवेचा आणि भक्तीचा भाव आहे. आरती हा शब्द संस्कृतमधील 'आरात्रिक' यावरून आल्याचे मानतात, आणि तिचा संबंध दिवा ओवाळण्याशी आहे. वंदना 'वन्द्' या धातूवरून आली, म्हणजे नमन, आदर व्यक्त करणे. 'गाथा' या शब्दात मात्र देव नाही, ओवाळणे नाही, मागणेही नाही. तो फक्त रचनेचा प्रकार सांगतो. त्या रचनेत काय भरायचे हे गाणाऱ्यावर असते.

ऋचा दैवी, गाथा मानवी

हा शब्द बुद्धांच्याही आधीचा आहे. पारशी समाजाच्या अवेस्ता या धर्मग्रंथातील सर्वांत जुना भाग 'गाथा' याच नावाने ओळखला जातो. जरथुष्ट्राच्या त्या १७ सूक्तांचे पाच गट आहेत आणि प्रत्येक गटाला गाथा म्हणतात. इराण आणि भारत या दोन्हीकडच्या प्राचीन भाषांत हा शब्द आहे, यावरून तो किती जुना असेल याची कल्पना येते.

ऋग्वेदातही गाथा आणि गाथा गाणारे यांचा उल्लेख आहे. परंतु वैदिक परंपरेने गाथेला कोणते स्थान दिले, हे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा आहे. यज्ञात ती कथा सांगितली जात असताना ऐकणाऱ्याने मधूनमधून प्रतिसाद द्यायचा असतो. ऋचेला 'ओम्' म्हणायचे आणि गाथेला 'तथा' म्हणजे 'तसेच' म्हणायचे, असा तिथे नियम आहे. कारणही तिथेच दिले आहे : ओम् हे दैवी आहे आणि 'तथा' हे मानवी. म्हणजे ऋचा देवांच्या बाजूची आणि गाथा माणसांच्या बाजूची, अशी वाटणी त्या परंपरेनेच करून ठेवली होती. लोकांत प्रचलित असलेली, राजांची दानधर्माची कीर्ती सांगणारी, माणसांनी रचलेली पद्ये म्हणजे गाथा. ती वेदमंत्राच्या बरोबरीची नाहीत, अशी ही समजूत.

आता यापुढची गोष्ट पाहा. बुद्धांच्या उपदेशाची पद्यरूप वचने जतन झाली तेव्हा त्यांना 'ऋचा' म्हटले गेले नाही, 'मंत्र' म्हटले गेले नाही. त्यांना नाव मिळाले 'गाथा'. जो शब्द मानवी म्हणून खालच्या पायरीवर ठेवला होता, तोच शब्द बुद्धवचनाचे नाव झाला. ज्या धम्माच्या केंद्रस्थानी माणूस आहे, त्याला हेच नाव शोभणारे होते.

बुद्धवचनातील गाथा

पाली साहित्यात बुद्धवचनाचे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांना नवांग म्हणतात : सुत्त, गेय्य, वेय्याकरण, गाथा, उदान, इतिवुत्तक, जातक, अब्भुतधम्म आणि वेदल्ल. यातील 'गेय्य' म्हणजे गद्य आणि पद्य मिसळलेले, तर 'गाथा' म्हणजे निव्वळ पद्य. दोन्ही शब्द त्याच 'गै' धातूचे. अट्ठकथाकार बुद्धघोष गाथेची उदाहरणे देताना धम्मपद, थेरगाथा, थेरीगाथा आणि सुत्तनिपातातील काही पद्यभाग यांचा उल्लेख करतात.

साधारणपणे एका गाथेत चार पाद असतात. सर्वांत प्रचलित छंदात प्रत्येक पादात आठ अक्षरे, म्हणजे एकूण ३२ अक्षरे येतात. एवढी छोटी रचना निरक्षर माणसालाही एकदोनदा ऐकून पाठ होते. धम्मपदात अशा ४२३ गाथा आहेत. जातकांचे विभागही गाथांच्या संख्येवरून पाडले आहेत : एक गाथा असलेली जातके पहिल्या विभागात, दोन असलेली दुसऱ्यात, याप्रमाणे. जातकात मूळ बुद्धवचन म्हणून धरली जाते ती गाथाच, तिच्याभोवतीची गद्य गोष्ट ही अट्ठकथा आहे.

या गाथा कोणाच्या आहेत हेही पाहिले पाहिजे. थेरगाथेत २६४ भिक्खूंच्या आणि थेरीगाथेत ७३ भिक्खुणींच्या नावे रचना आहेत. त्यात सुनीत थेर आहेत. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, कोमेजलेली फुले झाडून टाकण्याचे काम करत होतो आणि लोक आपला तिरस्कार करत, हे ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. त्यात पुण्णिका थेरी आहेत. त्या पूर्वी दासी होत्या, थंडीत नदीवर पाणी भरायला जात. पाण्याने पाप धुतले जाते असे मानून गारठत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला त्या विचारतात की, असे असेल तर मग बेडूक आणि कासव सगळे स्वर्गातच जातील की! एक पाणक्या दासी कर्मकांडाची अशी उलटतपासणी घेते आणि ती उलटतपासणी 'गाथा' म्हणून त्रिपिटकात जपली जाते. ज्या व्यवस्थेत स्त्रीला आणि शूद्राला वेदमंत्र ऐकण्याचीही बंदी झाली, त्याच भूमीत हे घडले आहे.

गोदाकाठ ते सोपारा

गाथेचे आपल्या मातीशीही नाते आहे. सुत्तनिपाताच्या शेवटच्या 'पारायण वग्ग' या भागात बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा येते. तो अस्सक देशात गोदावरीच्या काठी राहत होता. त्याचे १६ शिष्य बुद्धांना प्रश्न विचारायला निघाले. त्यांच्या प्रवासातील पहिले गाव आहे पतिट्ठान, म्हणजे आपले पैठण. तिथून महिष्मती, उज्जैनी, विदिशा, कोसंबी, सावत्थी करत ते मगधात पोहोचले. सोळा जणांनी गाथेत प्रश्न विचारले, बुद्धांनी गाथेत उत्तरे दिली. कथेची प्रास्ताविक पद्ये नंतरच्या काळातील असावीत असे अभ्यासक मानतात, पण प्रश्नोत्तरांचा भाग त्रिपिटकातील अत्यंत जुन्या भागांपैकी आहे.

त्या सोळांपैकी पिंगिय हा वयोवृद्ध शिष्य परत येऊन बावरीला सगळे गाऊन दाखवतो. त्या भागाला 'पारायनानुगीति' असे नाव आहे. अनुगीति म्हणजे मागून गाणे, ऐकलेले पुन्हा गाणे. आपले शरीर थकले आहे, बुद्धांजवळ जाता येत नाही, पण मनाने आपण त्यांच्यापासून क्षणभरही दूर नाही, असा पिंगियाचा भाव आहे. परंपरेप्रमाणे पाहिले तर गोदाकाठी बुद्धवचनाच्या गाथा घुमल्या त्या अशा. धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद केला आहे, तो प्रत्येक विहाराच्या कपाटात असायला हवा.

याच पैठणशी जोडलेला दुसरा ग्रंथ म्हणजे सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेली 'गाथासप्तशती'. महाराष्ट्री प्राकृतातील ७०० पद्यांचा हा संग्रह. त्यात शेतकरी, गुराखी, गावच्या बायाबापड्या यांचे जगणे आणि प्रेम आहे. प्राकृतात 'गाथा'चे 'गाहा' झाले. पुढे मराठीत संतांच्या अभंगांच्या संग्रहाला गाथा म्हणू लागले, जसे तुकारामांची गाथा. आजच्या मराठीत तर यशोगाथा, शौर्यगाथा असे शब्द रूढ झाले आहेत. इथे एक फरक ध्यानात ठेवावा : पालीत एक पद्य म्हणजे एक गाथा, मराठीत अनेक रचनांचा मिळून एक गाथा किंवा एखादी मोठी कहाणी. धम्मपद वाचताना हा फरक माहीत नसेल तर गोंधळ होतो.

हजार गाथा आणि एक गाथा

धम्मपदाच्या आठव्या वग्गाचे नाव 'सहस्स वग्ग' आहे. त्यात बुद्धांनी सांगितलेला आशय असा की, अर्थहीन शब्दांच्या हजार गाथा म्हणण्यापेक्षा, जी ऐकून मन शांत होते असे एकच गाथापद श्रेष्ठ. अट्ठकथेत यातील एका गाथेला बाहिय दारुचीरिय यांची कथा जोडली आहे. हे बाहिय सुप्पारक बंदरात राहत, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात. ते बुद्धांना भेटायला सावत्थीपर्यंत गेले आणि भिक्षेला निघालेल्या बुद्धांकडून रस्त्यातच अगदी थोडक्यात उपदेश मिळवून मुक्त झाले. त्यांना लांबलचक पाठ लागला नाही. जे ऐकले ते समजले, एवढे पुरले.

गाथा कशी म्हणावी याविषयीही बुद्धांचे स्पष्ट मार्गदर्शन आहे. काही भिक्खू धम्म लांबलचक ताना घेत गाऊ लागले, तेव्हा बुद्धांनी त्याचे पाच तोटे सांगितले. म्हणणारा स्वतः आवाजात गुंततो. ऐकणारेही आवाजात गुंततात. लोक म्हणतात, हेही आमच्यासारखेच गातात. आवाज सजवण्याच्या नादात एकाग्रता मोडते. आणि पुढची पिढी तेच अनुकरण करते. मात्र 'सरभञ्ञ' म्हणजे स्वरात, स्पष्ट लयीत म्हणण्याची त्यांनी परवानगी दिली. बुद्ध संगीताच्या विरोधात होते असा याचा अर्थ नाही. पंचसिख याने वीणेवर गायलेल्या गाथा ऐकून त्याच्या तारांचा आणि गळ्याचा मेळ त्यांनी वाखाणल्याचे दीघनिकायात आहे. धम्म सांगताना मात्र आवाजाने अर्थ झाकू नये, हा मुद्दा आहे. ज्यांच्याकडे विहाराचा लाउडस्पीकर असतो त्यांनी हा नियम लक्षात ठेवावा.

गाथेची किंमत घेण्याविषयीही एक प्रसंग आहे. शेतकरी ब्राह्मण कसिभारद्वाज बुद्धांना म्हणतो, "मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही तसेच कर." बुद्ध त्याला गाथांतून सांगतात की आपणही शेती करतो, श्रद्धा हे आपले बी आहे. तो खूश होऊन खिरीचे पात्र पुढे करतो. बुद्ध ते नाकारतात. गाथा म्हणून मिळवलेले अन्न आपण घेत नाही, ही त्यामागची भूमिका. भिक्खूंना दान देणे हे उपासकाचे कर्तव्य आहेच. पण गाथापठणाचा ठरलेला दर लावणे आणि श्रद्धेने दान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाथापठण हा भिक्खूंचाच अधिकार आहे असेही नाही. अंगुत्तर निकायात नंदमाता नावाची उपासिका पहाटे उठून पारायणाच्या गाथा स्वरात म्हणत असल्याचा उल्लेख आहे. घरातली एक बाई, पहाटेची वेळ आणि तोंडी गाथा. आपल्या आया-आज्यांची परंपरा एवढी जुनी आहे.

आपल्या वंदनेत गाथा कोणती?

बोलताना आपण सगळ्या वंदनेलाच 'गाथा' म्हणतो. प्रत्यक्षात त्रिसरण आणि पंचशील हे गद्य आहे. ती प्रतिज्ञा आहे, गाथा नाही. बुद्ध, धम्म आणि संघ यांचे गुण सांगणारा वंदनेचा मुख्य भागही गद्यच आहे. फुले, दीप आणि धूप अर्पण करतानाची पद्ये मात्र गाथा आहेत. फुलाची गाथा काय सांगते? हे फूल जसे कोमेजेल, तसेच हे शरीरही. आपण तिथे काही मागत नाही, अनित्यतेची आठवण करतो. फूल वाहून 'माझे भले कर' असे मनात म्हटले तर ती गाथा वाया गेली.

मंगल सुत्त, रतन सुत्त आणि करणीय मेत्त सुत्त हे तिन्ही सुत्तनिपातात आहेत आणि पद्यात आहेत. मंगल सुत्तात ३८ मंगले सांगितली आहेत. त्यात मुहूर्त नाही की ग्रह नाहीत; मूर्खांची संगत टाळणे, आईवडिलांची सेवा, कौशल्य शिकणे, निर्दोष काम अशा गोष्टी आहेत.

जयमंगल अट्ठगाथेतील 'अट्ठ' म्हणजे आठ. बुद्धांच्या आठ विजयांच्या त्या आठ गाथा आहेत आणि शेवटी एक समारोपाची. अंगुलिमालावर, नालागिरी हत्तीवर, खोटा आळ घेणाऱ्या चिंचेवर मिळवलेला विजय शस्त्राने नव्हे तर मैत्री, शांती आणि संयमाने मिळाला, हे त्यात आहे. लग्नात या गाथा म्हटल्या जातात तेव्हा नवरा-नवरीला हा अर्थ कुणी सांगतो का?

धम्मपालन गाथेत तर धम्मपदातील काही गाथाच एकत्र केल्या आहेत. त्यातल्या एकीचा आशय असा की, पुष्कळ बोलतो म्हणून कुणी धम्मधर होत नाही. थोडे ऐकूनही जो ते आचरणात आणतो तो धम्मधर. ही गाथा आपण दर रविवारी मोठ्याने म्हणतो.

भाषा कोणती असावी?

'पाली कशाला, मराठीतच म्हणूया' असे काही तरुण म्हणतात. दुसरे म्हणतात, 'पालीशिवाय वंदना होऊच शकत नाही.' विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् मध्ये, म्हणजे वैदिक धाटणीत घालण्याची परवानगी मागितली. बुद्धांनी ती नाकारली आणि 'स्वतःच्या भाषेत' धम्म शिकण्यास अनुमती दिली. अट्ठकथेने 'स्वतःची भाषा' म्हणजे बुद्धांची मागधी असा अर्थ लावला. अनेक आधुनिक अभ्यासक तो 'शिकणाऱ्याची आपली भाषा' असा लावतात. अर्थ कोणताही घेतला तरी मोजक्या लोकांच्या हाती असलेल्या पवित्र भाषेत धम्म कोंडायला बुद्धांनी नकार दिला, हे स्पष्ट आहे.

बाबासाहेबांनी दोन्हींचा मेळ घातला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून पालीत त्रिसरण-पंचशील घेतले. त्यानंतर लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. पालीमुळे आपण जगभरच्या बौद्धांशी जोडले गेलो आणि मराठीमुळे प्रत्येक माणसाला कळले की आपण काय सोडत आहोत आणि काय स्वीकारत आहोत. बाबासाहेबांनी 'बौद्ध पूजापाठ' तयार केला, पाली व्याकरण आणि पाली शब्दकोशावरही काम केले. हे साहित्य महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६व्या खंडात आहे. लोकांना पाली नुसती पाठ असावी एवढेच त्यांना हवे असते, तर शब्दकोशाचा खटाटोप कशाला केला असता?

आपण काय करू शकतो?

यासाठी मोठा कार्यक्रम किंवा निधी लागत नाही. दर रविवारी वंदनेनंतर एकच गाथा घ्यावी. आधी पालीत म्हणावी, मग एका तरुणाने किंवा तरुणीने पाच मिनिटे तिचा शब्दशः अर्थ मराठीत सांगावा, आणि मग सर्वांनी ती पुन्हा म्हणावी. पुढच्या रविवारी अर्थ सांगणारी व्यक्ती वेगळी असावी. वर्षात ५२ रविवार येतात. नेहमीच्या वंदनेतील सगळ्या गाथा एका वर्षात सहज समजून होतील. लग्नात, नामकरणात आणि पुण्यानुमोदनात गाथेआधी दोन वाक्यांत तिचा आशय सांगण्याची प्रथा पाडावी. आजीला पाठ असलेली गाथा नातवाने समजावून सांगावी आणि नातवाचा चुकणारा उच्चार आजीने दुरुस्त करावा.

गाथा ही माणसाने माणसाला सांगितलेली गोष्ट आहे. सुनीतांनी ती सांगितली, पुण्णिकेने सांगितली, पिंगियाने गोदाकाठी गाऊन दाखवली. ऐकणाऱ्याला ती कळावी म्हणूनच ती सांगितली गेली. येत्या रविवारी विहारात हात जोडाल तेव्हा आपण म्हणतो त्यातल्या किमान एका गाथेचा अर्थ शेजारच्याला सांगता येईल, एवढी तयारी करून जा.

नमो बुद्धाय! जय भीम!